कार्डिओ करू की वजनं मारू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या एका मध्यम आकाराच्या जिममध्ये मी गेली चौदा वर्षं ट्रेनर आहे. काउंटरवर, पाण्याच्या कूलरपाशी, लॉकरची किल्ली शोधताना लोक मला जे विचारतात ते फिरून फिरून तेच असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. कार्डिओ म्हणजे पळणं, भरभर चालणं, सायकल असा दम वाढवणारा व्यायाम. यापुढं कुणी विचारलं की हेच पान पाठवणार.

कार्डिओ केलं की मसल जातात असं म्हणतात. खरं आहे का?

हे भूत १९८० सालापासून मानगुटीवर बसलंय. रॉबर्ट हिक्सन नावाचा अमेरिकन संशोधक स्वतः वजनं उचलणारा गडी होता. प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांसोबत तो नेमानं पळायला लागला आणि त्याचं अंग उतरायला लागलं. मग त्यानं यावरच प्रयोग लावला. एका गटाला आठवड्यातून पाच दिवस फक्त ताकदीचा व्यायाम, दुसऱ्याला सहा दिवस फक्त दमसासाचा, तिसऱ्याला दोन्ही. असं दहा आठवडे. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत पहिल्या गटासारखीच वाढली, मग अडली, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क घसरली.

लोकांनी एवढंच उचललं. तिसऱ्या गटाचे आठवड्याला अकरा व्यायाम होत होते, भार सगळा पायांवर, आणि कार्डिओ जीव तोडून करायचा होता, हे कुणी सांगत नाही. तुमच्या वीस मिनिटांच्या सायकलीची त्याच्याशी तुलना कशाला? २०२२ साली बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले तेव्हा दिसलं की दोन्ही व्यायाम केल्यानं मसलच्या वाढीला आणि जास्तीत जास्त ताकदीला धक्का लागत नाही. उडी किंवा स्प्रिंटसारखी झटक्याची ताकद मात्र थोडी मार खाते, त्यातही दोन्ही एकाच वेळी उरकले तर जास्त.

आत काय चालतं ते ढोबळपणे सांगतो. पेशीत दोन मुकादम आहेत असं समजा. एमटॉर म्हणतो, माल आलाय, भिंत उचला. एएमपीके म्हणतो, वीज कमी आहे, बांधकाम थांबवा. लांब किंवा जोरकस कार्डिओनं दुसरा जागा होतो. पण तो दिवसभर ओरडत बसत नाही. पोटात अन्न गेलं, झोप झाली की पहिला परत कामाला लागतो. खरी अडचण येते ती भूक मारून, झोप मारून, वर रोज दमेपर्यंत पळणाऱ्यांची.

आणि आपल्याच जिल्ह्यातला दत्तू भोकनळ बघा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा पोरगा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या नौकानयनात तेरावा आला. दोन हजार मीटर, सातेक मिनिटं, छाती फुटेस्तोवर दम. त्याची पाठ आणि मांड्या पाहिल्यात का? नौकानयन हा सगळा खेळच कार्डिओ आणि ताकद यांच्या संसाराचा आहे.

मग तुमचं काय झालं होतं? तुम्ही मध्ये फार बारीक झाला होतात.

हा प्रश्न जुने मेंबर हमखास विचारतात. मी हाफ मॅरेथॉनच्या मागे लागलो होतो. आठवड्यातून सहा दिवस पहाटे गंगापूर रोडनं पळायचो, सोमेश्वरपर्यंत आणि परत. त्यात ठरवलं की आता एवीतेवी पळतोयच तर भातही सोडू. माझी वही अजून आहे. पहिल्या पानावर स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठक, ११० किलो, पाच रेप, म्हणजे सलग पाच वेळा. नऊ आठवड्यांनंतरच्या पानावर ९५, तीन रेप, आणि शेजारी माझ्याच अक्षरात 'गुडघा' एवढंच लिहिलंय. वजन सहा किलोनं उतरलं होतं. आई म्हणाली, आजारी दिसतोस. आरशात पोटाचा तो एक वळसा होता तिथंच, गेले होते ते खांदे.

पळण्याला मी दोष देत नाही. एकाच वेळी खर्च वाढवला आणि मिळकत कमी केली, तर घर कसं चालेल?

आधी पळून वजन उतरवतो, मग वजनं मारायला येतो. चालेल ना?

नाही. वजनकाट्यावर जे कमी होतं त्यात चरबी किती आणि मसल किती हा सगळा खेळ आहे. कमी खाऊन नुसतं पळालात तर शरीर दोन्ही मोडतं. वजनं उचलत राहिलात आणि प्रोटीन पुरेसं घेतलंत, तर त्याला मसल टिकवायचं कारण मिळतं.

आपल्याला हे जास्तच लागू आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन-उंचीच्या तक्त्यात दोघंही झकास. म्हणजे आपल्याकडचा माणूस बारीक दिसतो, शर्टाच्या बाह्या ढगळ असतात आणि पोट मात्र बटणाशी भांडत असतं. अशा माणसानं आणखी बारीक होऊन काय साधायचं? हातापायावर मांस नाही, ते आणायला हवं. भारतीय पुरुषानं कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईनं ८० च्या आत ठेवावा असं सांगतात. टेप बेंबीजवळ लावून, श्वास सोडून मोजा. पोट आत ओढून मोजणारे माझ्याकडं रोज येतात.

चरबी कमी आणि मसल जास्त, दोन्ही एकदम होतं?

नवीन असाल, पोट सुटलेलं असेल किंवा दोन-तीन वर्षांच्या खंडानंतर परत आला असाल, तर होतं. आठवड्याला पाव ते अर्धा किलोच्या वेगानं खाली या, दोन्ही जमतं. पाच वर्षं नीट मेहनत करून आधीच सुका झालेल्या पोराला मात्र एक काहीतरी निवडावं लागतं, कारण त्याच्याकडं खर्चायला चरबीच उरलेली नसते.

एकाच दिवशी करायचं तर आधी वजनं की आधी ट्रेडमिल?

आधी वजनं. ट्रेडमिल अगोदर फक्त पाच-सात मिनिटं, अंग तापवण्यापुरती. दमलेल्या पायांनी स्क्वॉटखाली जाऊ नका, पाठ जाते. सकाळ-संध्याकाळ जमत असेल तर दोन्हींत सहा तासांचं अंतर ठेवा, ते सगळ्यात उत्तम.

तुमचं ध्येयच पळण्याचं असेल, मॅरेथॉनची तारीख भिंतीवर लिहिलेली असेल, तर उलट करा.

आठवड्याचं वेळापत्रक सांगा ना, सर. नुसतं तत्त्वज्ञान नको.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी सांगितलंय ते असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम कार्डिओ, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. आमच्याकडं नोकरी, मुलं, ट्रॅफिक सांभाळून येणाऱ्या माणसाला मी त्याच्या जवळपास जाईल असं बसवून देतो: सोमवार, बुधवार, शुक्रवार वजनं, प्रत्येकी पन्नास मिनिटं, तिन्ही दिवस सगळं अंग. स्क्वॉट किंवा लंज (एक पाय पुढं टाकून बैठक), काहीतरी ढकलायचं, काहीतरी ओढायचं, आणि कमरेतून वाकून उचलायचं. मंगळवार आणि गुरुवार चाळीस मिनिटं भरभर चालणं. गोल्फ क्लबचा ट्रॅक आहे, नाहीतर कॉलनीतच फेऱ्या मारा. शनिवारी वीस मिनिटं जरा जोराचं, सायकल किंवा चढ. रविवारी पोरांना घेऊन कुठंतरी जा.

तीन दिवसच हाताशी असतील तर? तिन्ही दिवस वजनं, शेवटी पंधरा मिनिटं सायकल, आणि रोजचं चालणं वाढवा. गाडी लांब लावा, भाजीला पायी जा. एवढंच.

कार्डिओ किती जोरात करायचा?

शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, तो बरोबर वेग. घड्याळ नसलं तरी चालतं. २२० वजा वय हे सूत्र ढोबळ आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

बहुतेकांची गंमत अशी की ते रोज मधल्याच वेगानं करतात. आराम मिळावा इतकं हळू नाही, दम वाढावा इतकं जोरात नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करणारा एक मेंबर आहे, वय बेचाळीस. रोज पन्नास मिनिटं ट्रेडमिल, चढ पूर्ण वर, आणि दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरलेला. अंग मागं कललेलं, जणू कुणी दोरीनं ओढतंय. दांडा धरला की चढ चढायचा भार हातांवर जातो. मशीन सांगतं तेवढ्या कॅलऱ्या जळत नाहीत. मी म्हणालो, "दादा, दांडा सोडा." तो म्हणाला, "सोडला तर पडतो." मग चढ निम्मा केला, वेग कमी केला, हात सोडवले. दहा मिनिटांत घामानं भिजला. पहिल्यांदा खरा चालला होता म्हणून.

एचआयआयटी (थोडा वेळ जीव तोडून, थोडा वेळ हळू, पुन्हा तेच) केलं तर वेळ वाचतो म्हणे?

वाचतो. पण चरबीच्या बाबतीत त्यात जादू नाही, हळू आणि लांब केलेल्या व्यायामाइतकाच फरक पडतो. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. लेग डेच्या, म्हणजे पायांच्या व्यायामाच्या, आदल्या दिवशी नको. आणि गुडघे कुरकुरत असतील तर उड्यांऐवजी सायकलवर करा.

सकाळी रिकाम्या पोटी पळालं की चरबी जास्त जळते ना?

व्यायामाच्या त्या तासाभरात थोडी जास्त जळते, दिवसाचा हिशेब केला की फिटंफाट. २०१४ साली वीस तरुणींवर चार आठवडे हे करून पाहिलं गेलं: एका गटानं रिकाम्या पोटी, दुसऱ्यानं खाऊन, आहार दोघींकडं सारखाच बेताचा. शेवटी फरक नव्हता. तुम्हाला बरं वाटतं तसं करा. मला स्वतःला एक केळं लागतं.

रविवारी मिसळ खाल्ली तर किती पळावं लागेल?

नाशिकमध्ये हा प्रश्न आला नाही असा सोमवार गेलेला मला आठवत नाही.

पळण्याचा हिशेब सोपा आहे. दर किलोमीटरला दर किलो वजनामागं साधारण एक कॅलरी. म्हणजे बहात्तर किलोच्या माणसानं पाच किलोमीटर पळून काढले तर ३६० च्या आसपास. चालत गेलात तर बसून राहण्यापेक्षा जास्तीचा खर्च त्याच्या निम्मा. आता प्लेट बघा. मटकी हा त्यातला सगळ्यात गुणी भाग आणि तीच सगळ्यात कमी. वर मूठभर फरसाण, त्यावर तर्री, म्हणजे तेलच, बाजूला दोन पाव, पापड, आणि रस्सा पाहिजे तेवढा. रस्सा पाहिजे तेवढा म्हटलं की पाव आणखी दोन येतातच. मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी शेवटी जिलेबी. हे सगळं पळून फेडायचं म्हटलं तर त्र्यंबकेश्वर गाठावं लागेल.

म्हणून फेडायचं डोक्यातूनच काढा. मिसळ खा. मटकी जास्त, फरसाण वेगळं मागून चमच्यानं घाला, तर्री वरची बाजूला सारा, पाव दोन, दही घ्या. जिलेबी कुणाशी तरी वाटून. आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण हलकं ठेवा. सोमवारी दीड तास ट्रेडमिलवर प्रायश्चित्त घ्यायला येऊ नका. मशीन अडवून ठेवता आणि बुधवारी दिसत नाही.

मी शाकाहारी आहे. पावडर न घेता प्रोटीन पुरेल का?

पुरेल, पण आपोआप पुरणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागं ०.८३ ग्रॅम सांगितलंय. वजनं उचलणाऱ्याला मसल वाढवायचे असतील तर १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. सत्तर किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम झाले.

घरच्या खाण्यात हे कसं बसतं ते एका मेंबर काकूंसोबत किचनच्या काट्यावर मोजून पाहिलं. सोयाबीन वड्या कोरड्या ५० ग्रॅम, त्यातून २६. पनीर १०० ग्रॅम, १८. कोरड्या मटकीची ५० ग्रॅम मोजून केलेली उसळ, १२. डाळ ४० ग्रॅम, ९. पाच पोळ्या, १५. पाव लिटर दूध, ८. दोन वाट्या दही, ७. मूठभर शेंगदाणे, ८. बेरीज १०३. काकू म्हणाल्या, "एवढं तर आमचे हे दोन दिवसांत खात नाहीत." तेच तर सांगतोय. वाटीत दिसणारी डाळ हे बहुतेक पाणी असतं. आणि शेंगदाणे प्रोटीनसाठी नाहीत, ते तेलाचे आहेत. मूठ म्हणजे मूठच, डबा नाही.

अंडी चालत असतील तर एकात ६ ग्रॅम, गणित फार सोपं होतं. व्हे पावडर म्हणजे दुधाचंच, सोय म्हणून घ्या, गरज म्हणून नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

श्रावण-नवरात्रात उपवास असतात. तेव्हा काय?

साबुदाणा खिचडी खाऊन लेग डे मारता येतो, साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य, एवढं लक्षात ठेवा. भगर, दही, दूध, पनीर, राजगिरा यांच्याकडं वळा. नऊ दिवस निरंकार करणार असाल तर वजनं हलकी, सेट निम्मे, आणि पळणं बंद. नऊ दिवसांत काही मसल जात नाहीत. शिवाय बऱ्याच जणांचं त्या दिवसांत पहाटे कालिका मंदिरापर्यंत अनवाणी जाऊन येणं असतंच, तो कार्डिओ धरा. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करणार असाल तर त्या रविवारी पायांना हात लावू नका, आणि पुढचे दोन दिवसही.

पांडवलेणी चढणं म्हणजे लेग डे धरायचा का?

दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पहिल्या महिन्यात धरा. नंतर ते कार्डिओ, आणि फार चांगलं कार्डिओ. चढताना दम वाढतो, पण मांडीला जास्तीचं वजन मिळत नाही, त्यामुळं ती एका मर्यादेनंतर वाढायचं थांबते.

ट्रेकवाल्यांना वेगळं सांगतो. हरिहर किंवा अंजनेरी करून आलात की दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात ना, ते उतरण्यामुळं. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, त्यानं तो जास्त दुखावतो. म्हणून रविवारी गड असेल तर सोमवारचे पाय बुधवारवर ढकला. वरचं अंग मारा, कुणी अडवलंय?

सूर्यनमस्कार हे कार्डिओ की ताकद?

सावकाश बारा घातले तर अंग मोकळं होतं. न थांबता वेगानं पन्नास घातले तर कार्डिओ. आमच्या तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादांसारखे जोर-बैठका मोजायचं सोडून घातले तर दोन्ही! पण ओढायचा व्यायाम त्यात नाही. पाठीसाठी रोइंग किंवा पुलअप जोडा.

माझी नाइट शिफ्ट असते. कधी येऊ?

सातपूर-अंबडच्या पोरांना माझा पहिला प्रश्न, झोप किती? २०१० साली शिकागोत वजन जास्त असलेल्या दहा जणांना दोन आठवडे कमी खायला देऊन रात्री साडेआठ तास, आणि वेगळ्या दोन आठवड्यांत साडेपाच तास बिछान्यात ठेवलं. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण झोप कमी होती तेव्हा त्यात चरबी निम्म्याहूनही कमी होती, आणि बाकी सगळं अंगातलं.

तेव्हा नाइट संपवून सकाळी सात वाजता थेट माझ्याकडं येऊ नका. घरी जा, जाड पडदा ओढा, झोपा. दुपारी चारला या, वजनं मारा, मग कामावर जा. शिफ्ट बदलायच्या आठवड्यात फक्त चालणं.

बायकांनी वजनं उचलली तर अंग पुरुषी होतं का?

काकू, पुरुषांनाच होत नाही, वर्षानुवर्षं दूध-अंडी ओतून. चाळिशीनंतर, विशेषतः पाळी थांबल्यावर, हाडं आणि मसल दोन्ही झपाट्यानं उतरतात. नुसत्या चालण्यानं ते थांबत नाही. दोन किलोचे गुलाबी डंबेल घेऊन शंभर रेप मारू नका. घरी गहू-तांदळाची गोणी तुम्हीच सरकवता, इथं का घाबरता?

फॅट बर्नर गोळी? घामाचा पट्टा?

नाही. आणि नाही.

कुणी आधी डॉक्टरांना दाखवावं?

छातीत दुखलेलं असेल, चढताना चक्कर येत असेल, बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल, घरात कमी वयात हार्टचा झटका आलेला असेल, तर आधी ईसीजी आणि डॉक्टर, मग मी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिनवर असाल तर खिशात काहीतरी गोड ठेवून या आणि मला सांगून ठेवा. लपवू नका.

दोन महिने झाले, वजनकाटा हलेना. पट्टा मात्र सैल झालाय. मशीन बिघडलंय का?

हा त्याच सीएनसीवाल्या दादांचा प्रश्न. वजन ७८ होतं, ७७ झालं. कमरेचा घेर ९८ वरून ९३. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उचलायचं वजन, ४० किलोवरून ७०. काटा ठीक आहे, दादा. महिन्यातून एकदा टेप, त्याच जागी, सकाळी, काही खाण्याआधी. काट्यावर रोज उभे राहणार असाल तर सात दिवसांची सरासरी लिहा, एकाच दिवसाचा आकडा मिठानं आणि रात्रीच्या भातानं किलोभर इकडंतिकडं होतो. घेर आणि काटा दोन्ही तीन आठवडे हलले नाहीत, तरच ताटातली एक पोळी कमी करा किंवा रोजचं चालणं वीस मिनिटांनी वाढवा. दोन्ही एकदम नको. आणि ट्रेडमिलचा दांडा परत धरायला लागलाय असं मला परवा दिसलं.